रेणूंचे कुंपण

माणूस श्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो तो कार्बन डायॉक्साइड. आणि वैशाखातल्या दुपारी नदीच्या पात्रात पायांना चटके देते ती वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकॉन डायॉक्साइड. कार्बन आणि सिलिकॉन ही आवर्त कोष्टकाच्या एकाच उभ्या रांगेतली, एकाखाली एक बसलेली सख्खी भावंडे. दोघांच्याही वाट्याला प्राणवायूचे दोन दोन अणू आलेले. असे असता एकाचा वायू व्हावा आणि दुसऱ्याचा दगड व्हावा, हे कसे? शेजारच्या रांगांतही हाच प्रकार दिसतो. नत्रवायूने हवेचा चार-पंचमांश भाग व्यापला आहे, तर त्याच्याच खालचा फॉस्फरस मेणासारखा घट्ट, पाण्याखाली जपून ठेवावा लागणारा पदार्थ. प्राणवायू डोळ्यांना दिसत नाही; त्याच्या खालचे गंधक वाण्याच्या दुकानात पिवळ्या खड्यांच्या रूपाने मिळते.

ह्या भेदाचे मूळ अणूंच्या हात धरण्याच्या रीतीत आहे. कार्बनच्या अणूला चार हात आहेत अशी कल्पना शाळेपासून रुजलेली असते. कार्बन डायॉक्साइडमध्ये तो प्राणवायूच्या प्रत्येक अणूला दोन दोन हातांनी धरतो. चारी हात गुंतले, रेणू पुरा झाला आणि तो एकटा हवेत हिंडावयास मोकळा झाला. सिलिकॉन मात्र आपले चार हात प्राणवायूच्या चार निरनिराळ्या अणूंना देतो, ते अणू आपला उरलेला हात पुढच्या सिलिकॉनला देतात, आणि अशी न संपणारी जाळी विणली जाऊन तिची वाळू होते.

जड अणू दोन हातांनी का धरत नाहीत? दोन अणूंमधला पहिला बंध समोरासमोर होतो; दुसरा कडेकडेने व्हावा लागतो. इलेक्ट्रॉनांचे जे मेघ अणूंना जोडणाऱ्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेले असतात, त्यांची गाठ पडावी लागते. हलके अणू लहान असल्यामुळे जवळ येतात आणि गाठ घट्ट बसते. जड अणू पसरट. ते एकमेकांपासून दूरच राहतात आणि दुसरी गाठ सैल पडते. अमेरिकन रसायनज्ञ केनेथ पिट्झर ह्यांनी १९४८ साली आणखी एक कारण पुढे केले: जड अणूंच्या आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात. कारण कोणतेही असो, दोन सैल हातांनी एकाला धरण्यापेक्षा दोघांना एकेक घट्ट हात देणे जड अणूला परवडते. त्यावरून आवर्त कोष्टकातील तिसऱ्या ओळीपासून खालची मूलद्रव्ये आपापसांत दुहेरी बंध करीत नाहीत, असा नियम पाठ्यपुस्तकांत रूढ झाला.

हा नियम रूढ होण्यापूर्वीच त्याच्या उलट गोष्ट ठामपणे छापली गेली होती. १८७७ साली कोलर आणि मिखाएलिस ह्यांनी फॉस्फरसचे एक सेंद्रिय संयुग तयार केले आणि त्यात फॉस्फरसचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आहेत असे सांगितले. आर्सेनिकच्या तशाच संयुगालाही तेच चित्र चिकटले. पुढे पाउल एर्लिख ह्यांच्या फ्रँकफुर्ट येथील प्रयोगशाळेत सहाचिरो हाता ह्यांनी ६०६ क्रमांकाच्या आर्सेनिक संयुगाचा उपदंशावरचा, म्हणजे गरमीच्या रोगावरचा, गुण १९०९ साली पारखला. १९१० साली ते ‘साल्वारसान’ ह्या नावाने बाजारात आले आणि पेनिसिलिन हाती येईपर्यंत असंख्य रोग्यांच्या शिरांत टोचले गेले. औषध खरे होते. पण त्याच्या वेष्टनातल्या रेणूचे जे चित्र वैद्यकाच्या आणि रसायनाच्या ग्रंथांतून छापले जाई, ज्यात आर्सेनिकच्या दोन अणूंमध्ये दोन समांतर रेघा असत, ते खरे नव्हते.

त्या रसायनज्ञांना दोष देता येत नाही. त्यांच्यापाशी घटकांचे प्रमाण मोजण्याचे साधन होते. आणि दोन अणूंचा दुहेरी बंध असो, की पाच-सहा अणूंचे एकेरी बंधांनी गुंफलेले वलय असो, घटकांचे प्रमाण दोहोंत एकच येते. क्ष-किरणांनी स्फटिकाचे अंतरंग पाहता येऊ लागल्यावर १९६१ मध्ये आर्सेनिकच्या मूळ संयुगात सहा अणूंचे वलय आढळले आणि १९६४ मध्ये फॉस्फरसच्या संयुगातही वलयेच निघाली. साल्वारसानचा स्फटिक काही नीट मिळेना. अखेर २००५ साली न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठातील संशोधकांनी वस्तुमान वर्णपटाच्या साहाय्याने दाखवून दिले की, ते औषध म्हणजे आर्सेनिकच्या तीन आणि पाच अणूंच्या वलयांचे मिश्रण आहे. चुकीचे चित्र पंचाण्णव वर्षे टिकले. रोगी बरे होत होते म्हणून ते तपासण्याची कोणाला घाई नव्हती, असेच म्हणावे लागेल.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग ह्यांनी १८९९ पासून जवळजवळ चार दशके सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांची उपासना केली. कार्बनच्या कीटोनांत कार्बन आणि प्राणवायू ह्यांच्यामध्ये दुहेरी बंध असतो. सिलिकॉनचा तसाच कीटोन मिळावा ह्या आशेने त्यांनी आपल्या पदार्थांना ‘सिलिकोन’ हे नाव दिले. पण प्रत्येक वेळी पात्राच्या तळाशी चिकट, डिंकासारखा गोळा जमे. सिलिकॉनने येथेही वाळूचाच मार्ग धरला होता. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या बेकेरियन व्याख्यानात किपिंग ह्यांनी ह्या शाखेच्या भवितव्याविषयी निराशा प्रकट केली. त्यानंतर दहा वर्षे जातात न जातात तोच त्याच चिकट गोळ्यापासून तेले, रबरे आणि लेप बनविणारा सिलिकोनचा मोठा उद्योग उभा राहिला, आणि किपिंग १९४९ साली वारले तेव्हा तो भरभराटीस येत होता. नाव टिकले, पण ज्या दुहेरी बंधासाठी ते दिले होते तो बंध त्या पदार्थात नव्हता.

मग नियम खराच का? येथे प्रश्नाची मांडणी थोडी बदलावी लागते. दुहेरी बंध जुळतच नाही ही एक गोष्ट. तो जुळतो, पण शेजारचा दुसरा रेणू येऊन क्षणार्धात त्याला वलयात वा साखळीत ओढून नेतो, ही अगदी निराळी गोष्ट. माळरानावर आंब्याचे रोप लावले आणि शेळीने ते खाल्ले, तर त्या जमिनीत आंबा येत नाही असे अनुमान कोणी शहाणा शेतकरी काढणार नाही. तो रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालील आणि वाट पाहील. रसायनज्ञांनी नेमके हेच केले. जड अणूभोवती त्यांनी फांद्या फुटलेले अवजड सेंद्रिय गट बसविले, इतके दाटीवाटीने, की एका रेणूतील बंधापर्यंत दुसऱ्या रेणूला पोहोचताच येऊ नये.

ह्या दाटीचा पहिला मोठा चमत्कार कथिलाच्या बाबतीत घडला. ससेक्स विद्यापीठातील मायकेल लॅपर्ट आणि त्यांचे सहकारी पीटर डेव्हिडसन ह्यांनी १९७३ साली कथिलाच्या अणूवर दोन अवजड गट चढविले. प्रत्येक गटात एका कार्बनवर मिथिलने वेढलेले सिलिकॉनचे दोन झुपके. तांबड्या रंगाचे जे संयुग मिळाले ते द्रावणात सुटे राही, म्हणजे कथिलाचा एक अणू आणि त्याचे दोन गट. पण स्फटिकात पाहिले तेव्हा असे दोन रेणू एकमेकांना धरून बसलेले आढळले. आणि धरण्याची तऱ्हाही विलक्षण. इथिलीनमध्ये कार्बनचे दोन अणू आणि त्यांवरचे चार गट एका सपाट पाटावर मांडल्यासारखे असतात. येथे मात्र पाटाचे एक टोक वर आणि दुसरे खाली वाकलेले होते. हा दुहेरी बंध म्हणावा की नुसती शेजाऱ्यांची जवळीक, ह्यावर पुष्कळ वाद झाला.

वाद चालू असतानाच १९८१ साल उजाडले. त्या एका वर्षात हा जुना नियम तीन ठिकाणी मोडला. टोरोंटो येथे एड्रियन ब्रूक ह्यांना सिलिकॉन आणि कार्बन ह्यांच्या दुहेरी बंधाचे संयुग स्फटिकरूपात मिळाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबर्ट वेस्ट, मार्क फिंक आणि योसेफ मिखल ह्यांनी सिलिकॉनच्या तीन अणूंची एक साखळी घेतली. तिच्या मधल्या अणूवर मेसिटिल नावाचे दोन गट होते; मेसिटिल म्हणजे तीन मिथिल शिंगे फुटलेले बेंझिनचे वलय. ह्या साखळीवर जंबुपार किरण सोडताच मधला सिलिकॉन आपल्या दोन मेसिटिलांसह सुटला आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या सुट्या सिलिकॉनशी जुळला. त्यांना तिसरा सोबती मिळाला असता तर पुन्हा साखळीच झाली असती. चार मेसिटिलांच्या गर्दीने ती वाट अडवली. पिवळे स्फटिक हाती आले. हवा लागताच ते नासत, पण हवा काढून घेतलेल्या नळीत दीडशे अंशांपर्यंत तापविले तरी त्यांना काही होत नसे. त्याच वर्षी टोकियो विद्यापीठात मासाआकी योशिफुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फरसच्या दोन अणूंचा दुहेरी बंध सिद्ध केला. कोलर आणि मिखाएलिस ह्यांनी एकशेचार वर्षांपूर्वी कागदावर काढलेल्या रेघा नारिंगी स्फटिकांच्या रूपाने प्रत्यक्षात उतरल्या. हे स्फटिक तर साध्या हवेतही टिकत. फरक एवढाच की, ह्या वेळी वलयावर तीन तृतीयक-ब्युटिल गटांचे कुंपण होते.

पण एकदा हात पोळलेल्या शास्त्राने दुसऱ्यांदा नुसत्या रेघांवर विश्वास कसा ठेवावा? १८७७ आणि १९८१ ह्यांमधला खरा फरक कुंपणाइतकाच साक्षीपुराव्याचा आहे, आणि तो पुरावा पाहण्याजोगा आहे.

पहिली साक्ष रंगाची. फॉस्फरसच्या एकेरी बंधाची साधी संयुगे बहुधा रंगहीन असतात. दुहेरी बंधातील दुसरी गाठ सैल असल्यामुळे तिच्यातले इलेक्ट्रॉन थोड्या ऊर्जेने हलतात. दृश्य प्रकाशातील निळा-जांभळा भागही त्यांना पुरतो. तो शोषला गेला की, पदार्थ पिवळा वा नारिंगी दिसतो. ह्याच बंधाच्या सैलपणामुळे तो मिळत नव्हता, आणि त्या सैलपणानेच त्याला रंग दिला.

दुसरी साक्ष अणुगर्भाची. काही अणुगर्भ लहान चुंबकांसारखे वागतात. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात त्यांना रेडिओलहरी ऐकविल्या म्हणजे ते एका ठराविक कंपनसंख्येलाच प्रतिसाद देतात, आणि भोवतालच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीप्रमाणे ती कंपनसंख्या किंचित सरकते. हे सरकणे दशलक्षांशांत मोजतात. फॉस्फोरिक अम्लातील फॉस्फरस शून्यावर धरला, तर योशिफुजी ह्यांच्या संयुगातील फॉस्फरस सुमारे ४९४ वर सापडला. एकेरी बंधाच्या साध्या संयुगांपासून फारच दूर. सिलिकॉनचे काम अधिक कष्टाचे, कारण निसर्गातल्या दर शंभर सिलिकॉन अणूंत असे चुंबकी अणुगर्भ असलेले अणू पाचही भरत नाहीत. तरी वेस्ट ह्यांच्या पिवळ्या स्फटिकांतील सिलिकॉनचा सूर सुमारे ६४ वर ऐकू आला. नेहमीच्या सेंद्रिय सिलिकॉन संयुगांचा सूर बहुधा शून्याच्या आसपास वा त्याखाली असतो.

तिसरी साक्ष भारतीय श्रोत्यांना जवळची वाटावी अशी आहे. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा आहे असे मानले, तर घट्ट बंध जलद कंप पावतो आणि सैल बंध सावकाश. हे कंपन मोजण्याची नेहमीची रीत अवरक्त किरणांची. पण जेथे दोन्ही अणू सारखे आणि दोन्ही बाजूंचे गटही सारखे, तेथे अणूंच्या पुढेमागे होण्याने विद्युत्भाराचा तोल ढळत नाही, आणि अवरक्त किरणांना त्या कंपनाचा पत्ताच लागत नाही. नेमके तेच कंपन प्रकाशाच्या विकिरणात उमटते. कलकत्त्याला २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी के. एस. कृष्णन ह्यांच्या सहकार्याने जो परिणाम शोधून काढला, त्याच परिणामाने फॉस्फरसच्या दुहेरी बंधाचे कंपन पकडून दिले. सेंटिमीटरमागे सुमारे ६१० ह्या ठिकाणी त्याची रेषा आढळते.

शेवटची साक्ष मोजपट्टीची. क्ष-किरणांनी स्फटिकातील अंतरे अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. फॉस्फरसच्या दोन अणूंमधले एकेरी अंतर सुमारे २.२२, योशिफुजी ह्यांच्या संयुगात ते २.०३ भरले. सिलिकॉनचे एकेरी अंतर सुमारे २.३५, वेस्ट ह्यांच्या स्फटिकात २.१६. अंतर कमी झाले म्हणजे पकड दुहेरी झाली. चार वेगवेगळ्या साक्षीदारांनी एकच हकिकत सांगितली.

मग कोष्टकात खाली खाली उतरण्याची जणू चढाओढच लागली. १९९७ साली जपानमध्ये नोरिहिरो तोकितोह, रेन्जी ओकाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथच्या दोन अणूंना दुहेरी बंधाने जोडले. तेथे अंतर २.८२ अँगस्ट्रॉम निघाले. एकेरी बंधाचे सुमारे २.९९ असते. जवळजवळ स्थिर म्हणता येतील अशा मूलद्रव्यांत बिस्मथपेक्षा जड कोणी नाही. २००४ मध्ये त्सुकुबा येथील अकिरा सेकिगुची ह्यांनी सिलिकॉनच्या तिहेरी बंधाचे पाचूसारखे हिरवे स्फटिक मिळविले. पण कार्बनच्या तिहेरी बंधाचा रेणू सरळ रेषेत असतो, तर हा दोन्ही टोकांना मुरडलेला.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे फिलिप पॉवर ह्यांनी २००० साली शिशाचे असेच संयुग केले. हे पॉवर मूळचे लॅपर्ट ह्यांच्याच ससेक्समधले विद्यार्थी. सूत्रावरून पाहिले तर शिशाच्या दोन अणूंत तिहेरी बंध असावा. मोजले तेव्हा अंतर ३.१९ अँगस्ट्रॉम निघाले, शिशाच्या नेहमीच्या एकेरी बंधाहूनही लांब. आणि गट जवळजवळ काटकोनात वळलेले. शिसे आपले दोन इलेक्ट्रॉन स्वतःपाशीच ठेवून घेते, त्यांना बंधात गुंतवीतच नाही. घराण्याच्या नावावरून तिहेरी म्हणावयाचे, आणि प्रत्यक्षात जेमतेम एकेरी. जुना नियम मोडला ही घोषणा करण्याची घाई झालेल्यांना शिशाने थोडे सबुरीने घ्यावयास लावले. नियमातला ‘होत नाहीत’ हा शब्द चुकीचा होता; ‘सैल असतात’ एवढे मात्र खरेच होते, आणि खाली जावे तसतसे अधिकाधिक खरे.

ह्या सैलपणाचाही उपयोग निघाला. हायड्रोजन वायूच्या रेणूतील घट्ट बंध सहजी तोडण्याचे काम निकेल, प्लॅटिनम अशा धातूंचे, अशी समजूत होती. २००५ साली पॉवर ह्यांच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या अशाच मुरडलेल्या बंधाने साध्या खोलीच्या उष्णतेला आणि साध्या वातावरणाच्या दाबाला हायड्रोजन फोडला. महागड्या धातूंची काही कामे साधी मूलद्रव्ये करू शकतील की काय, ह्या विचाराला तेव्हापासून जोर चढला.

येथपर्यंत कुंपण हे केवळ राखणदार होते. पण ते नुसते निर्जीव काट्यांचे नाही, ही गोष्टही हळूहळू ध्यानात आली. लॅपर्ट ह्यांनी वापरलेलेच चार गट फॉस्फरसच्या एकेरी बंधाने जोडलेल्या दोन अणूंवर बसविले, तर घनावस्थेत तो रेणू शाबूत राहतो. वितळला वा वाफ झाली की मात्र मधोमध तुटून त्याचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. इलेक्ट्रॉन अनुस्पंदनाच्या वर्णपटात अशा तुकड्यांची खूण पूर्वीच मिळाली होती. वायुरूपात त्यांची रचना एडिंबरो येथील डेव्हिड रँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाने २००० च्या सुमारास उलगडून दाखवली. तो बंध स्वतः काही फार दुबळा नव्हता. स्फटिकात दाबून बसविलेले गट मोकळीक मिळताच वळून ऐसपैस झाले आणि त्यांनी मधला बंध फोडला. झाकण उघडताच टुणकन उसळणाऱ्या बाहुल्याच्या खेळण्यावरून रसायनज्ञांनी ह्या रेणूंना नाव दिले.

गर्दी अशी बंध तोडते. परंतु ती बंध जोडूनही धरते, हे त्याहून नवल. ह्याची हकिकत कार्बनपासून सुरू होते. अमेरिकेत ॲन आर्बर येथे मोझेस गोम्बर्ग १९०० साली कार्बनच्या दोन अणूंवर सहा बेंझिनवलये बसवावयास गेले, आणि तो रेणू काही मिळाला नाही. गर्दी फार झाली, असे सर्वांनी म्हटले. पुढे त्याच सहा वलयांवर तृतीयक-ब्युटिलचे आणखी बारा झुपके चढविले, म्हणजे गर्दी वाढविली, तेव्हा तो रेणू स्थिर राहिला, आणि १९८६ साली त्याची रचनाही कळली. जर्मनीतील ग्रिमे आणि श्राइनर ह्यांनी २०११ मध्ये गणिताने ह्याचा उलगडा केला. कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनमेघांमध्ये एक अल्पसे आकर्षण असते. फ्रिट्झ लंडन ह्यांनी १९३० साली ते पुंजसिद्धांताने स्पष्ट केले होते. एका हायड्रोजनचे आकर्षण नगण्य; पण बारा झुपक्यांतले शेकडो अणू एकमेकांत गुंतले की बेरीज मोठी होते. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण मराठीत आहे. येथे कुंपणाने शेत धरून ठेवले होते.

मग पुन्हा सर्वांच्या नजरा लॅपर्ट ह्यांच्या १९७३ च्या तांबड्या संयुगाकडे वळल्या. स्फटिकात कथिलाचे जे दोन अणू एकमेकांना धरून बसलेले दिसले होते, त्यांना धरले कोणी होते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुंजगणितानुसार त्या जोडीला टिकविण्यात भोवतालच्या गटांच्या परस्पर आकर्षणाचा वाटा फार मोठा आहे. तो वगळला तर जोडी टिकणे अवघड. ज्या गटांना चाळीस वर्षे राखणदार म्हणून ओळखले जात होते, ते आता बंधाचे भागीदार ठरले. त्यामुळे असे नवे संयुग हाती आले की, अंतर, रंग, कंपन आणि अणुगर्भाचा सूर मोजून झाल्यावरही एक हिशेब उरतोच: त्या बंधाची पकड कितपत जड अणूंची स्वतःची, आणि कितपत त्यांच्याभोवती दाटलेल्या गटांची. हा हिशेब सिलिकॉनचा निराळा, कथिलाचा निराळा, शिशाचा निराळा. आणि गट बदलले की तो पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.